शाळेच्या दाखल्यावरचं वय आणि पेशींतलं वय

थेंबभर रक्त किंवा चमचाभर लाळ द्या, तुमचं 'खरं' वय सांगतो, असं म्हणणाऱ्या चाचण्या आता बाजारात आल्या आहेत. त्यामागचं शास्त्र अस्सल आहे. पण घरी येणाऱ्या रिपोर्टवर विसंबायचं किती?

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस असतो. हार, शाल, श्रीफळ आणि भाषणं यांची त्या दिवशी अगदी रांग लागते. एकाच दिवशी एवढी माणसं निवृत्त कशी होतात, याचं उत्तर जुन्या मंडळींना ठाऊक आहे. या साऱ्यांची जन्मतारीख १ जून! जूनमध्ये शाळा उघडत, बाप पोराला घेऊन येई, जन्मतारीख विचारली की 'मोठा पूर आला त्या साली' असलं काहीतरी सांगे आणि गुरुजी १ जून लिहून मोकळे होत.

साल ठरवायची रीतही सोपी होती. पोराने उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर सहा वर्षं पूर्ण, नाव पटावर. नाही लागला तर पुढच्या वर्षी या.

गुरुजींना कल्पना नसेल, पण ते मोठं शास्त्रीय काम करत होते. पंचांग हाताशी नव्हतं, म्हणून ते मुलाच्या शरीरालाच वय विचारत होते. लहान मुलाचं डोकं मोठं आणि हात आखूड असतात. वाढीबरोबर हे प्रमाण बदलतं. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाचा हात कानाला लागे, दुसऱ्याचा लागत नसे. म्हणजे तारीख एकच, पण शरीरं वेगवेगळ्या टप्प्यावर.

हाच प्रश्न पन्नाशीच्या माणसाला विचारायचा तर? शाळेतल्या वर्गमित्रांचं स्नेहसंमेलन भरतं तेव्हा हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. एकजण तीन जिने धापा न टाकता चढून येतो, दुसरा गुडघ्यावर हात ठेवून उठतो. दोघांचा जन्म एकाच साली झालेला. हा फरक मोजण्याचं मापच शास्त्रज्ञांकडे नव्हतं. ते सापडलं एका अनपेक्षित ठिकाणी, माणसाच्या थुंकीत!

शोधायला गेले एक

स्टीव्ह होर्वाथ हे मूळचे जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचे. शिक्षण गणिताचं. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते जनुकशास्त्रातली आकडेमोड करू लागले. तिथल्या एका सहकाऱ्याने जुळ्या भावांच्या लाळेचे नमुने गोळा केले होते. हेतू वेगळाच होता. माणसाच्या लैंगिक कलाची काही खूण डीएनएवर दिसते का, हे त्याला पाहायचं होतं. होर्वाथ यांनी आकडे तपासले. त्या बाबतीत काहीच हाती लागलं नाही. पण सहज म्हणून त्यांनी त्याच आकड्यांची सांगड वयाशी घालून पाहिली, आणि चित्र एकदम स्पष्ट झालं. ३४ जुळ्यांच्या जोड्यांवरचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती लाळ पाहून माणसाचं वय सरासरी पाचेक वर्षांच्या फरकाने सांगता येत होतं.

होर्वाथ तेवढ्यावर थांबले नाहीत. जगभरच्या संशोधकांनी इतर कामांसाठी तपासून खुली ठेवलेली माहिती त्यांनी गोळा केली. सुमारे आठ हजार नमुने होते. रक्त, मेंदू, यकृत, त्वचा, मूत्रपिंड अशा ५१ प्रकारच्या ऊतींचे आणि पेशींचे. त्यातून त्यांनी एक सूत्र बांधलं. शरीराचा कुठलाही तुकडा द्या, सूत्र वय सांगणार. चूक साधारण साडेतीन वर्षांची. त्यांनी शोधनिबंध पाठवला तेव्हा तपासणाऱ्यांचा विश्वासच बसेना. आकडे इतके छान असूच शकत नाहीत, असं त्यांना वाटलं. अखेर ऑक्टोबर २०१३ मध्ये तो 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी सॅन दिएगोच्या संशोधकांनीही १९ ते १०१ वर्षं वयाच्या ६५६ माणसांच्या रक्तावरून असंच एक सूत्र प्रसिद्ध केलं. तेव्हापासून या सूत्रांना 'एपिजेनेटिक घड्याळ' म्हणतात.

टाचण्या लावलेला ग्रंथ

हे घड्याळ चालतं कसं? शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच एक ग्रंथ असतो, सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. आता, डोळ्याच्या पेशीला पचनाचे धडे नकोत आणि जठराच्या पेशीला पाहण्याचे नकोत. म्हणून प्रत्येक पेशी नको असलेली पानं मिटून ठेवते. मिटण्याचे तिच्याकडे अनेक उपाय आहेत. त्यातला एक म्हणजे पानाला टाचणी लावणं. ही टाचणी म्हणजे मेथिल नावाचा इवलासा रासायनिक गट. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स! 'सी' अक्षराला लागून पुढे 'जी' आलं असेल, तिथल्या 'सी'ला तो चिकटतो. माणसाच्या डीएनएमध्ये अशा जागा पावणेतीन कोटींच्या वर आहेत.

अक्षरं बदलत नाहीत. आईवडिलांकडून आलेला ग्रंथ जन्मभर जवळपास तसाच राहतो. टाचण्या मात्र हलतात. वय वाढतं तशा काही जागच्या टाचण्या गळून पडतात, आणि जिथे नव्हत्या तिथे नव्या लागतात. होर्वाथ यांच्या सूत्रात अशा ३५३ जागा आहेत. त्यातल्या १९३ जागी वयाबरोबर टाचण्या वाढतात, १६० जागी कमी होतात. प्रयोगशाळेत डीएनएवर बायसल्फाइट नावाच्या रसायनाची प्रक्रिया करतात. टाचणी नसलेलं 'सी' त्याने बदलून जातं, टाचणीवालं टिकून राहतं. मग शंभरातल्या किती पेशींत कुठल्या जागी टाचणी आहे, ते मोजायचं, प्रत्येक जागेला तिच्या महत्त्वाप्रमाणे गुण द्यायचे आणि बेरीज-वजाबाकी करायची. उत्तर येतं ते वर्षांत.

या सूत्राने काही नवलाच्या गोष्टी दाखवल्या. शरीराचे सगळे भाग एका वयाचे नसतात. बायकांच्या स्तनांच्या निरोगी ऊती त्यांच्या वयापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या निघाल्या. लहान मेंदू मात्र रेंगाळतो; शंभरी गाठलेल्यांमध्ये तो इतर अवयवांपेक्षा कितीतरी तरुण आढळला. त्याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशीला पुन्हा गर्भावस्थेतल्या पेशीसारखं करण्याची युक्ती शोधली होती. तिच्यासाठी त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. अशा पेशींना घड्याळ लावलं, तर काटा शून्याजवळ! म्हणजे टाचण्या पुसून पुन्हा पहिल्यासारख्या लावता येतात. निसर्ग तर हे रोज करतो. आई तिशीची, बाप पस्तिशीचा, त्यांच्या पेशी तितक्याच जुन्या. पण त्यांचं बाळ नव्या वयाचं जन्माला येतं.

बरोबर वेळ सांगणारं घड्याळ कशाला हवं?

इथे एक गंमतीचा पेच आहे. समजा, एखाद्या घड्याळाने प्रत्येकाचं वय अगदी तंतोतंत सांगितलं. मग त्याचा उपयोग काय? जन्मदाखल्याची एक महागडी नक्कल, इतकाच! आपल्याला हवी असते ती घड्याळाची 'चूक'. दाखल्यावर ५० आणि घड्याळात ५५ असेल, तर वरची पाच वर्षं काय सांगतात?

पहिल्या घड्याळांना हे नीट सांगता येत नव्हतं, कारण त्यांना शिकवलं होतं ते दाखल्यावरचं वय ओळखायला. म्हणून संशोधकांनी शिकवणी बदलली. २०१८ मध्ये मॉर्गन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी 'फीनोएज' तयार केलं. त्याला रक्तातली साखर, मूत्रपिंडाचं काम, शरीरातला दाह अशा तपासण्यांवरून शिकवलं होतं. २०१९ मध्ये 'ग्रिमएज' आलं. पाश्चात्त्य दंतकथेत हातात कोयता घेऊन येणारा जो यमदूत आहे, त्याच्यावरून हे नाव पडलं. हे घड्याळ मृत्यूचा धोका ओळखायला शिकलं आहे. सिगारेट किती ओढली हेही ते डीएनएवरून ताडतं. घरच्यांपासून लपवलेलं व्यसन टाचण्यांपासून लपत नाही! धूम्रपान करणाऱ्यांमध्ये काही ठरावीक जागच्या टाचण्या हमखास कमी झालेल्या दिसतात. सोडल्यावर त्या हळूहळू, काही प्रमाणात, परत येतात.

ड्युनेडिनची एक हजार सदतीस बाळं

सर्वांत वेगळं घड्याळ मात्र न्यूझीलंडमधून आलं. ड्युनेडिन हे गाव क्रिकेटवेड्या मराठी घरांना अपरिचित नाही. भारताने परदेशातला पहिला कसोटी विजय मिळवला तो तिथेच, १९६८ साली. त्या गावात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या काळात जन्मलेल्या १०३७ बाळांची संशोधकांनी यादी केली आणि त्यांचा माग ठेवला. पुढे ही मुलं मोठी झाली, पांगली, देशोदेशी गेली. तपासणीची वेळ आली की त्यांना विमानाचं तिकीट पाठवून गावी बोलावलं जातं. दात, हिरड्या, फुप्फुसं, रक्तदाब, साखर, मूत्रपिंडं, स्मरणशक्ती, सगळं तपासलं जातं. पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के माणसं तपासणीला हजर होती. आपल्याकडे लग्नाच्या आमंत्रणालाही इतकी हजेरी लागत नाही!

ही माणसं ३८ वर्षांची असतानाच्या तपासण्यांवरून २०१५ मध्ये एक निष्कर्ष छापून आला. सगळ्यांचं कॅलेंडरवरचं वय एकच. पण शरीराच्या कामावरून काढलेलं वय? कुणाचं २८, तर कुणाचं ६१! अजून कुणाला मोठा आजार नव्हता. तरीही भराभर म्हातारे होणारे जे होते, त्यांचा एका पायावर उभं राहताना तोल जात होता, मुठीची पकड सैल होती. त्यांचे फोटो अनोळखी विद्यार्थ्यांना दाखवले, तर त्यांनीही याच लोकांना वयाने मोठं ठरवलं. आरशात दिसतं ते अगदीच खोटं नसतं म्हणायचं.

हीच माणसं ४५ वर्षांची झाली तेव्हा वीस वर्षांच्या नोंदींवरून प्रत्येकाचा म्हातारपणाकडे जाण्याचा वेग काढला. सर्वांत संथ माणूस कॅलेंडरच्या एका वर्षात शरीराने पाच महिनेसुद्धा पुढे सरकत नव्हता. सर्वांत वेगवान माणूस दोन वर्षं पाच महिने! हा वेग डीएनएवरच्या १७३ जागा पाहून ओळखता येतो, असं २०२२ मध्ये डॅनियल बेल्स्की, टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांच्या मापाचं नाव 'ड्युनेडिन-पेस'. गाडीत जसा किलोमीटर मोजणारा आकडा वेगळा आणि वेगाचा काटा वेगळा, तसा हा वेगाचा काटा. १ म्हणजे वर्षाला वर्ष. १.१ म्हणजे कॅलेंडरचे बारा महिने सरताना शरीराचे तेरा महिने सरतात.

हा काटा हाती आल्यावर जुने हिशेबही तपासता आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्याने हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली. माणशी रोजचा शिधा हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुलं साठीच्या आसपास आली तेव्हा त्यांचं रक्त तपासण्यात आलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे, पोटात असताना उपासमार सोसलेल्यांचा वेग इतरांपेक्षा जास्त होता. बायकांमध्ये हा फरक अधिक ठळक होता. जन्माआधीच्या काही महिन्यांची भूक सहा दशकांनी रक्तात वाचता यावी, हे वाचून कुणाही आईच्या अंगावर काटा येईल.

एकच रक्त, दोन वयं

इथवरचं सगळं विद्यापीठांतलं. पण जिथे माणसाची भीती आहे तिथे बाजार येतोच. अमेरिकेत काहीशे डॉलरना घरपोच डबी मिळते; तीत थुंकायचं किंवा बोटातून रक्ताचे थेंब काढायचे, टपालाने पाठवायचे आणि आकड्याची वाट पाहायची. भारतातही काही खासगी प्रयोगशाळा अशी चाचणी देऊ लागल्या आहेत. तारुण्य टिकवण्यासाठी वर्षाला वीस लाख डॉलर खर्च करत असल्याचं सांगणारा ब्रायन जॉन्सन हा उद्योजक तर एक स्पर्धाच चालवतो. ज्याचा ड्युनेडिन-पेसचा आकडा कमी, तो यादीत वर!

या आकड्याची खोट कुठे आहे ते आता पाहू. शंभर माणसांची शंभर माणसांशी तुलना करायला ही घड्याळं उत्तम. मोजमापातल्या बारीकसारीक चुका गर्दीत एकमेकींना छेदून जातात. एकट्या माणसाच्या बाबतीत त्या कोण छेदणार? २०२२ मध्ये लेव्हिन यांच्याच चमूने एक साधी तपासणी केली. एकाच रक्ताच्या नमुन्याचे दोन भाग करून ते दोनदा मोजायचे. काही घड्याळांत दोन उत्तरांमध्ये नऊ-नऊ वर्षांपर्यंत अंतर निघालं! रक्त तेच, माणूस तोच. हे अंतर कमी करण्याची गणिती युक्तीही त्याच लेखात दिली आहे, आणि नव्या चाचण्या पहिल्यापेक्षा बऱ्याच स्थिर झाल्या आहेत. तरीही आपल्या हाती आलेला रिपोर्ट कुठल्या घड्याळाचा आणि कुठल्या पद्धतीने काढलेला, हे विचारणारा ग्राहक विरळाच.

शिवाय शरीर स्वतःही स्थिर नसतं. मांडीचं हाड खुब्यात मोडल्यामुळे तातडीने शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचं रक्त तपासलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं वय वाढलेलं दिसलं आणि आठवडाभरात ते पुन्हा पूर्ववत झालं. गरोदरपणातही काटा पुढे जातो आणि बाळंतपणानंतर मागे येतो. हा अभ्यास २०२३ मधला. एका माणसाचं रक्त तीन दिवस दर काही तासांनी तपासलं, तर दुपारचं वय मध्यरात्रीच्या वयापेक्षा मोठं भरलं. चाचणीच्या दिवशी घरात भांडण झालं असेल किंवा ताप येऊन गेला असेल, तर रिपोर्टात त्याची नोंद कोण करणार?

म्हणूनच 'वय उतरवल्याच्या' बातम्या जरा जपून वाचाव्यात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगाची मोठी चर्चा झाली. वाढीचं संप्रेरक आणि दोन औषधं वर्षभर देऊन वय सरासरी अडीच वर्षांनी मागे आलं, असा दावा होता. प्रयोगात माणसं किती? नऊ. तुलनेसाठी औषध न दिलेला गट? नव्हता. त्यापेक्षा कितीतरी भक्कम प्रयोग 'कॅलरी' या नावाने अमेरिकेत झाला. लठ्ठ नसलेल्या २२० निरोगी माणसांपैकी दोनतृतीयांश लोकांनी दोन वर्षं रोजचे उष्मांक पाव हिश्शाने कमी करायचे होते. प्रत्यक्षात जमले साधारण बारा टक्के. जिभेवर ताबा ठेवणं अमेरिकेतही अवघड! त्यांचं साठवलेलं रक्त तपासून २०२३ मध्ये निकाल आला. ड्युनेडिन-पेसचा वेग दोन-तीन टक्क्यांनी उतरला होता. पण फीनोएज आणि ग्रिमएज या दोन्ही घड्याळांत काहीच फरक नव्हता. वेगाचा काटा म्हणतो उतरलं, बाकीची दोन घड्याळं म्हणतात जैसे थे. खरं कुणाचं मानायचं? (हे वाचून कुणी एकादशा वाढवणार असेल, तर साबुदाण्याच्या खिचडीचे उष्मांक आधी मोजावेत.)

२०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सत्तरीपुढच्या ७७७ लोकांवरचा निकाल आला. तीन वर्षं रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेतल्याने काही घड्याळांत तीन ते चार महिन्यांचा फरक पडला. महिन्यांचा, बरं का. प्रयोग चांगला, पण जाहिरातीत ते 'महिने' कुठे जातील हे सांगता येत नाही.

आणि याखाली एक मोठा प्रश्न उरतोच. टाचण्या हलल्यामुळे माणूस म्हातारा होतो, की माणूस म्हातारा होतो म्हणून टाचण्या हलतात? पांढरे केस म्हातारपणाची खूण आहेत; पण कलप लावला म्हणून गुडघे दुखायचे थांबत नाहीत. घड्याळातल्या कुठल्या जागा केसांसारख्या आहेत आणि कुठल्या गुडघ्यांसारख्या, यावर अजून काम चालू आहे.

समजा, बावन्न वर्षांच्या एका गृहस्थांच्या हाती ५८चा रिपोर्ट आला. डॉक्टरांकडे नेला, तर ते काय करणार? त्या आकड्यावर औषध नाही. ते रक्तदाब मोजतील, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगतील, सिगारेट-तंबाखू विचारतील, चाला म्हणतील. हे सगळं त्या चाचणीच्या खर्चाच्या लहानशा हिश्शात होतं, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यावर पुढे काय करायचं ते ठाऊक आहे. उलटा प्रकार अधिक वाईट. मधुमेह असलेल्या एखाद्या बासष्टीच्या बाईंना ५४चा आकडा मिळाला आणि त्या आनंदात गोळ्यांकडे दुर्लक्ष झालं, तर? घड्याळ तरुण म्हणालं म्हणून साखर कमी होत नाही.

घड्याळात आपण आहोत कुठे?

होर्वाथ यांचे नमुने बव्हंशी अमेरिका-युरोपातले. ड्युनेडिनची माणसं बहुतेक गोऱ्या युरोपीय वंशाची. ज्या लोकांवरून घड्याळ शिकलं, त्यांचं खाणं, हवा, आजार आपल्यापेक्षा वेगळे. आपल्याकडे मधुमेह तुलनेने कमी वयात आणि कमी वजनातही गाठतो, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता घरोघर आहे. हे ब-१२ तर टाचण्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं. फोलेट आणि ब-१२ यांच्याच साखळीतून शरीर मेथिल गट मिळवतं. तेव्हा भारतीय माणसाला ५८ हा आकडा मिळाला, तर तो न्यूझीलंडच्या गजाने मोजलेला ५८ असतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 'भारत' या नावाचा अभ्यास हाती घेतला आहे तो याचसाठी. निरोगी भारतीय माणसाच्या वार्धक्याच्या खुणा कोणत्या आणि त्याचा पल्ला कुठून कुठपर्यंत, हे त्यातून ठरवायचं आहे.

आकडा चुकीच्या हाती पडला तर काय, हाही प्रश्न दूर नाही. अमेरिकेत आयुर्विम्यासाठी हे तंत्र वापरण्याचे प्रयत्न झालेले आहेत. न्यायालयांचंही तेच. आरोपी अठराच्या आतला की बाहेरचा, यावर त्याला बालसुधारगृह की तुरुंग हे ठरतं. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यातल्या ९४व्या कलमानुसार पहिला मान शाळेच्या दाखल्याला किंवा मॅट्रिकच्या प्रमाणपत्राला, मग नगरपालिका-पंचायतीच्या जन्मदाखल्याला. हे काहीच नसेल तर हाडांची तपासणी किंवा वय ठरवण्याची दुसरी अद्ययावत वैद्यकीय चाचणी. डीएनएचं घड्याळ उद्या त्या दारातून आत येऊ शकेल. पण साडेतीन वर्षांच्या चुकीचं घड्याळ साडेसतरा आणि साडेअठरा यांच्यात निवाडा कसा करणार? एका मुलाचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका वर्षात अडकलेलं असतं.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगाने हा विषय दुसऱ्या टोकाने धरला आहे. लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या साडेसहा हजार बायकांची त्यात नोंद झाली. निम्म्यांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ मिळे. समोशासारखा, भज्यासारखा, चवीने खाता येईल असा. उरलेल्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. त्यांना झालेल्या मुलांपैकी सुमारे सातशेजणांचं रक्त ती पाच ते सात वर्षांची असताना घेतलं गेलं, आणि आईच्या त्या खाऊने मुलाच्या डीएनएवरच्या टाचण्या हलल्या का, याची छाननी हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी केली. ड्युनेडिनच्या मुलांसारखा पन्नास वर्षांचा माग या मुलांचा अजून कुणी ठेवलेला नाही. ती अजून तेवढी मोठी झालेलीच नाहीत. पण त्यांच्या आयांनी काय खाल्लं, किती दिवस खाल्लं, बाळ कधी झालं आणि किती वजनाचं, हे सगळं वहीत आहे. त्यांची जन्मतारीख कुणा गुरुजींना अंदाजाने लिहावी लागलेली नाही.